शिक्रा आणि झाडीत शिकार करणारे पक्षी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः शिक्र्याबद्दल आहे, कारण महाराष्ट्रात आणि गोव्यात झाडीतला शिकारी पक्षी म्हणून बहुतेकांना आधी भेटतो तो हाच. आंब्याच्या राईत, कॉलेजच्या आवारातल्या पर्जन्यवृक्षांवर, सोसायटीच्या मागच्या गुलमोहरावर तो असतो. जंगलातले त्याचे भाऊबंद आणि मोरघार, काळा गरुड असे मोठे शिकारीही जिथे गरज पडेल तिथे आले आहेत.

घार किंवा ससाण्यापेक्षा शिक्रा वेगळा कसा?

ससाणा मोकळ्या आभाळात शिकार करतो. लांब, टोकदार पंख आणि वरून मारलेला सूर हे त्याचे बळ. घारीचे पंख लांब आणि रुंद, तासन्‌तास तरंगायला सोयीचे. फांद्यांच्या जाळीत यातले काहीच उपयोगी पडत नाही. लांब पंख पहिल्याच वळणावर अडकतील. शिक्र्याचे पंख म्हणूनच आखूड आणि टोकाशी गोलसर असतात, शेपूट लांब असते. आखूड पंखांनी बसल्या जागेवरून चार-पाच फडफडींत वेग घेता येतो, आणि शेपूट पसरून किंवा तिरकी करून दोन खोडांमधून वळता येते, ऐनवेळी थांबताही येते.

या बांध्याची किंमत अशी, की लांबचा पाठलाग त्याला झेपत नाही. सावजाला सुरुवातीलाच अंतर मिळाले तर शिक्रा सहसा नाद सोडतो. त्याची सगळी मदार सावजाच्या जवळ, न दिसता पोहोचण्यावर आहे. पुढच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे याच एका गोष्टीतून निघतात.

आपल्याकडे या कुळातले कोणकोणते पक्षी दिसतात?

शिक्रा बारमाही आणि सर्वत्र. बेसरा सह्याद्रीच्या दाट, ओलसर जंगलात; आंबोली, कोयना, गोव्यात मोले या पट्ट्यात. डोक्यामागे छोटा तुरा असलेला क्रेस्टेड गॉसहॉकही अशाच जंगलात राहतो. युरेशियन स्पॅरोहॉक हिवाळी पाहुणा आहे. खरा गॉसहॉक, म्हणजे जुन्या शिकारखान्यांमधला 'बाज', हिमालयातला. महाराष्ट्रात तो दिसल्याची बातमी कानावर आली तर आधी मोठ्या मादी स्पॅरोहॉकची शक्यता तपासावी.

जुन्या पुस्तकात शिक्र्याचे शास्त्रीय नाव ॲक्सिपिटर बॅडियस आहे, नव्या यादीत वेगळे. बरोबर कोणते?

दोन्ही एकाच पक्ष्याची. जनुकीय अभ्यासांमुळे ॲक्सिपिटर हा मोठा गट 2024 मध्ये फोडला गेला. शिक्रा आणि बेसरा टॅकिस्पायझा या प्रजातीत गेले, क्रेस्टेड गॉसहॉक लोफोस्पायझात, खरा गॉसहॉक ॲस्टरमध्ये. स्पॅरोहॉक मात्र ॲक्सिपिटरमध्येच राहिला.

शिक्रा, बेसरा आणि स्पॅरोहॉक यांत फरक कसा करायचा?

आधी आकार पाहू नये. नर-मादीत इतका फरक असतो की एका जातीची मादी दुसऱ्या जातीच्या नराहून मोठी निघते. चेहरा, गळा, पाय, शेपूट या क्रमाने पाहावे.

शिक्रा साधारण 30 सेंमी लांब, पारव्याएवढा किंवा किंचित लहान. प्रौढ नराची पाठ फिकट निळसर राखाडी, छातीवर विटकरी रंगाच्या बारीक आडव्या रेघा, डोळे लाल. मादीची पाठ जराशी तपकिरी छटेची, डोळे पिवळे ते नारिंगी. गळ्याच्या मधोमध एक फिकट, बारीक उभी रेघ असते. लांबून ती दिसतही नाही. भुवई जवळजवळ नसतेच. बसलेल्या प्रौढ नराची शेपूट वरून पाहिली तर मधली पिसे बिनपट्ट्यांची वाटतात.

बेसऱ्याच्या गळ्यावरची रेघ जाड आणि काळपट, चटकन नजरेत भरणारी. पाठ गडद, छातीवर उभे फराटे आणि खाली पोटावर आडवे पट्टे. शेपटीवरचे गडद पट्टे रुंद, मधल्या फिकट जागेएवढेच. पाय काडीसारखे बारीक आणि मधले बोट खूप लांब.

स्पॅरोहॉकच्या गळ्यावर मधली रेघ नसते. मादीच्या डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असते आणि पोटावर राखाडी-तपकिरी आडवे पट्टे. उडताना खालून फोटो मिळाला असेल तर पंखाच्या टोकाची 'बोटे', म्हणजे सुटी सुटी दिसणारी लांब पिसे, मोजावी : शिक्रा आणि बेसऱ्याला पाच, स्पॅरोहॉक आणि क्रेस्टेड गॉसहॉकला सहा. क्रेस्टेड गॉसहॉकच्या शेपटीखालची पांढरी पिसे फुगून दोन्ही बाजूंनी वर आलेली दिसतात, हीही मोठी खूण.

सर्वांत जास्त घोळ होतो तो पहिल्या वर्षाच्या पक्ष्यांत. सगळ्यांची पाठ तपकिरी आणि छातीवर तपकिरी ठिपके किंवा फराटे असतात. अशा वेळी गळ्याची रेघ, पायांची जाडी आणि पंखांची बोटे यांवरच भिस्त ठेवावी. यातले काहीच दिसले नसेल तर नोंदीत 'शिक्रा कुळातला पक्षी' एवढेच लिहावे. चुकीच्या नावापेक्षा अपुरे नाव कधीही चांगले.

पावसाळ्यापूर्वी शिक्र्यासारखाच एक पक्षी ओरडत फिरतो. तो कोण?

पावशा. 'पेरते व्हा' म्हणणारा तोच. हा कोकिळेच्या कुळातला, मांसाहारी शिकारी अजिबात नाही. पण रंग, छातीवरचे पट्टे, उडण्याची ढब आणि फांदीवर उतरताना खालून वर घेतलेली झेप, सगळे हुबेहूब शिक्र्यासारखे. छोटे पक्षी त्यालाही घाबरतात. पावशाची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडी घालते, तिथे हा वेष तिच्या कामी येतो.

ओळखायला चोच पाहा. पावशाची चोच सरळसर आणि टोकाशी किंचित वाकलेली, शिक्र्याची आखूड आणि मुळापासून आकड्यासारखी. पावशाच्या डोळ्याभोवती पिवळे कडे असते आणि पाय आखूड, दुबळे. शिक्रा ताठ बसतो, त्याचे लांब पिवळे पाय आणि काळ्या नख्या स्पष्ट दिसतात.

शिक्रा शिकार नेमकी कशी करतो?

टेहळणी, जवळ सरकणे, झडप आणि पकड, अशा क्रमाने. पहिल्या दोन टप्प्यांत सर्वाधिक वेळ जातो आणि शिकारीचा निकालही तिथेच लागतो.

टेहळणीसाठी तो झाडाच्या शेंड्यावर बसत नाही. मधल्या उंचीवर, पानांच्या आत, बहुधा खोडाच्या जवळच्या फांदीवर बसतो. समोर थोडी मोकळी जागा असते : पायवाट, अंगण, शेताचा बांध, पाणवठा. मागे झाडोरा, पुढे उजेड. अशा जागी त्याची राखाडी पाठ सावलीत मिसळते आणि उजेडातले सावज त्याला नीट दिसते. काही मिनिटे मान फिरवत स्थिर बसतो, काही घडले नाही तर जागा बदलतो. ही जागाबदल पाहण्यासारखी असते. फांदीवरून तो खाली पडल्यासारखा उतरतो, जमिनीलगत उडतो आणि पुढच्या झाडाशी पोहोचल्यावर एकदम वर चढून आत बसतो. खालून उडाल्यामुळे झुडपांची आड मिळते आणि उघड्या आभाळावर त्याची आकृती उमटत नाही.

जवळ सरकण्यासाठी तो मिळेल त्या आडोशाचा वापर करतो. कुंपण, भिंत, उभी गाडी, शेणाचा ढीग, काहीही चालते. सावज कुंपणाच्या पलीकडे असेल तर अलीकडून, जमिनीपासून हातभर उंचीवरून येतो आणि अगदी शेवटी वरून उसळी घेतो. सावजाला तो दिसतो तेव्हा पळायला क्षणभराचाच वेळ उरलेला असतो.

झडपेत पंखांची जलद फडफड आणि मध्येच अंग आक्रसून सरकणे आलटून पालटून येते. शेवटच्या मीटरभरात तो शेपूट पसरतो, पंख मागे टाकतो आणि दोन्ही पाय पुढे फेकतो. सावज पंजाने पकडले जाते, चोचीने कधीच नाही. पाय लांब असल्याने काटेरी झुडपात शिरलेल्या चिमणीलाही तो फांद्यांमधून पाय घालून ओढून काढू शकतो. झुडपाभोवती चक्क उड्या मारत, चालत सावज बाहेर हुसकावताना शिक्रा दिसतो, त्यात नवल नाही.

पकडल्यावर मारतो कसा?

पंजाने आवळून. इथे ससाणा आणि शिक्रा यांच्यात मूलभूत फरक आहे. ससाण्याच्या वरच्या चोचीला दातासारखी खाच असते आणि तो मानेचे मणके तोडतो. शिक्र्याच्या चोचीत अशी खाच नसते. तो नख्या खुपसून पकड पुन्हा पुन्हा घट्ट करत राहतो. बोटांमधल्या स्नायुबंधाला आणि त्याभोवतीच्या आवरणाला बारीक खाचा असतात. बोट वळले की त्या एकमेकींत अडकतात, त्यामुळे फारशी शक्ती न लावता पकड टिकते.

सावज पूर्ण मेलेले नसतानाही तो खायला सुरुवात करतो. पाहणाऱ्याला त्रास होतो हे खरे, पण मधे पडून सोडवलेला पक्षी खोल जखमांनी बहुधा दगावतोच आणि शिक्रा उपाशी राहतो. मधे पडू नये.

जमिनीवर सावज धरल्यावर तो पंख पसरून त्यावर झाकण धरतो. कावळे आणि दुसरे शिकारी हिसकावून नेऊ नयेत म्हणून ही धडपड असते. मग आडोशाच्या फांदीवर नेऊन आधी पिसे उपटतो, नंतर मांस तोडतो.

तो फक्त पक्षीच खातो का?

शिक्र्याच्या आहारात सरडे, पाली आणि सापसुरळ्या यांचा मोठा वाटा असतो. त्याशिवाय उंदीर, खारी, बेडूक, टोळ, चतुर आणि छोटे पक्षी. पावसाच्या सुरुवातीला पंख फुटलेली वाळवी बाहेर पडते तेव्हा तो जमिनीवर उतरून ती खातो. संध्याकाळी झाडातून निघणाऱ्या छोट्या वटवाघळांवरही झडप घालतो. मेलेले जनावर खाल्ल्याच्या नोंदी आहेत, पण विरळ.

पाय पाहिले तर आहार कळतो, असे शिकारी पक्ष्यांचे अभ्यासक म्हणतात ते शिक्र्याला चांगले लागू पडते. त्याची बोटे तुलनेने आखूड आणि जाड : सरडा, उंदीर दाबून धरायला योग्य. बेसरा आणि स्पॅरोहॉक यांची बोटे लांब, बारीक : हवेत निसटणारा पक्षी पिसांसकट कवेत घ्यायला योग्य.

किती झडपा यशस्वी होतात?

बहुतेक फसतात. चार कारणे वारंवार दिसतात.

पहिले म्हणजे आधीच दिसणे. टेहळणीच्या जागी कोतवाल किंवा बुलबुलाने पाहिले की ओरडा सुरू होतो आणि आसपासचे सगळे सावध होतात. मग त्या जागी बसण्यात अर्थ उरत नाही.

दुसरे, सावजाला जवळच दाट आसरा असणे. बाभूळ, बोर, बांबूचे बेट किंवा घाणेरीची जाळी दोन झेपांवर असेल तर चिमण्या, मुनिया त्यात घुसतात. पाण्याकाठचा छोटा खंड्या शिक्र्यापासून सुटण्यासाठी पाण्यात बुडी मारताना पाहिला गेला आहे.

तिसरे, थवा. सातभाई एकटे नसतात. एकावर झडप पडली तर बाकीचे एकजुटीने अंगावर धावून शिक्र्याला पळवून लावतात. कोतवाल तर मागून पाठीवर टोचा मारत दूरपर्यंत पाठलाग करतो.

चौथे, अननुभव. जून-जुलैत घरट्याबाहेर पडलेली पिल्ले उघड्यावरून, फार लांबून झडप घालतात आणि हात हलवत परततात. सुरुवातीला ती टोळ आणि चतुर यांच्यावरच निभावतात. पहिले वर्ष या पक्ष्यांसाठी सर्वांत कठीण.

मादी नरापेक्षा मोठी का?

बहुतेक शिकारी पक्ष्यांत हे दिसते, आणि पक्षी खाणाऱ्या जातींत सर्वाधिक. युरेशियन स्पॅरोहॉकची मादी वजनाने नराच्या दुप्पटही भरते. कारणावर अजून एकमत नाही. एक स्पष्टीकरण असे, की दोघांचे सावज वेगळे झाल्याने एकाच जंगलात जोडीला अधिक अन्न मिळते. दुसरे असे, की लहान, चपळ नर अंडी-पिल्लांच्या काळात चांगली शिकार पुरवतो आणि मोठी मादी घरटे राखते. कामाची वाटणी मात्र प्रत्यक्ष दिसते. मादी अंड्यांवर असताना नर शिकार आणतो, घरट्यापासून थोडे दूर बसून हाक देतो, मादी येऊन ती घेते. मार्च-एप्रिलमध्ये एकाच झाडावरून वारंवार 'टि-ट्यू, टि-ट्यू' अशी दोन सुरांची हाक आली तर जवळपास घरटे असण्याची शक्यता धरावी. कोतवाल ही हाक उत्तम नकलतो, तेवढे लक्षात असू द्या.

घरटे कसे असते?

कावळ्याच्या घरट्यासारखे, काटक्यांचे, सैल. आंबा, कडुनिंब, चिंच यांसारख्या झाडावर उंच बेचक्यात, आतून गवताचे अस्तर. नर-मादी दोघे बांधतात आणि काटक्या पायात धरून आणतात. कावळा चोचीत आणतो, त्यामुळे लांबूनही फरक करता येतो. अंडी बहुधा तीन ते चार, फिकट निळसर, जाड टोकाला काळसर ठिपके. 18 ते 21 दिवसांत पिल्ले निघतात आणि साधारण महिनाभराने घरटे सोडतात. घरट्याखालच्या पानांवर, जमिनीवर चुन्यासारखे पांढरे फवारे पडलेले असतात, कारण पिल्ले शेपूट उचलून कडेबाहेर विष्ठा उडवतात.

मोरघार आणि काळा गरुडही जंगलातच असतात. तेही अशीच शिकार करतात का?

मोरघार बऱ्याच अंशी होय. डोक्यावर लांब तुरा, सुमारे 60 ते 70 सेंमी लांब. ताडोबा, मेळघाट, बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान इथे रस्त्याकडेच्या झाडावर ताठ बसलेली दिसते. तीही दबा धरून बसते, पण झडप बहुधा खाली, जमिनीवर : ससा, रानकोंबडी, घोरपड, खार. मोर-लांडोरीची पिल्लेही उचलते.

काळ्या गरुडाची पद्धत पार निराळी, आणि सह्याद्रीत पाहायला मिळणाऱ्या शिकारीतली आम्हाला सर्वांत अद्भुत वाटणारी. तो झाडांच्या शेंड्यांना जवळजवळ टेकून, अत्यंत संथ, पंख न हलवता सरकत जातो. घाटाच्या उताराचा आकार जसा वळतो तसा तोही वळतो. खाली पानांत कुठे घरटे आहे ते हुडकत असतो. लांब, रुंद पंखांमुळे इतक्या कमी वेगातही तो पडत नाही. अंडी, पिल्ले, कधी अख्खे घरटेच पंजात उचलून नेतो आणि उडता उडता तपासतो. त्याच्या नख्या इतर गरुडांपेक्षा कमी वळलेल्या असतात, अंडे न फोडता उचलायला सोयीच्या. आंबोली, महाबळेश्वर, राधानगरीच्या कड्यांवरून खाली दरीत पाहिल्यास तो पाठीकडून दिसतो : पूर्ण काळा, पाय आणि चोचीचे मूळ पिवळे.

शिक्रा शोधायचा कसा?

कान उघडे ठेवून. छोटे पक्षी दोन वेगळ्या तऱ्हेने बातमी देतात, हा फरक ओळखता आला की अर्धे काम झाले.

शिक्रा उडत असेल तर एक बारीक, उंच, लांबलेली शिट्टी ऐकू येते आणि पाठोपाठ सगळे चिडीचूप. ही शिट्टी कुठून आली ते कळत नाही. शिकाऱ्यालाही कळू नये अशीच ती असते. अशा वेळी वर आणि झाडांच्या कडेने पाहावे.

शिक्रा बसलेला असेल तर उलट गलका होतो. बुलबुल, शिंजीर, दयाळ, टकाचोर, खारी, सगळे एका झाडाकडे तोंड करून ओरडतात. ते जिकडे पाहत आहेत तिकडे, झाडाच्या मधल्या उंचीवर, खोडालगत दुर्बीण लावावी. कधी तिथे घुबड, मांजर किंवा साप निघतो, तेही वाईट नाही.

वेळ सकाळी उजाडल्यापासून दोन-तीन तास आणि दुपारी चारनंतर. ऊन तापल्यावर तो कधी कधी उष्ण हवेच्या झोतावर चढून घिरट्या घालतो, तेव्हा आकृती पाहावी. पावसाच्या झडीत मात्र तो आडोशाला पिसे फुगवून बसून असतो, शोधून उपयोग नाही.

पिसांचा ढीग सापडला. शिक्र्याने मारले की मांजराने?

पिसांचे देठ पाहा. शिक्रा पिसे उपटतो, त्यामुळे देठ अखंड असतात, फार तर चोचीचा बारीक चिमटा उमटलेला. मांजर आणि मुंगूस पिसे चावून तोडतात. देठ तुटलेले, पिसे लाळेने चिकटलेली. छातीचे हाड शिल्लक असेल तर त्याच्या पातळ कडेवर त्रिकोणी तुकडे तोडल्याच्या खुणा शिकारी पक्ष्याच्या. ढीग गोलाकार, एखाद्या ओंडक्यावर, दगडावर किंवा आडव्या फांदीखाली असेल तर ती त्याची नेहमीची जागा असू शकते. तिथेच न पचलेले केस आणि पिसे यांच्या ओकलेल्या गोळ्याही मिळतात. घुबडाच्या गोळीत हाडे शाबूत सापडतात, शिक्र्याच्या गोळीत फार कमी, कारण त्याच्या पोटातले आम्ल हाडे बरीचशी विरघळवते.

शिक्रा खिडकीला आपटून पडला, किंवा मांजात अडकून जखमी झाला. काय करावे?

सावजाच्या मागे असताना त्याला काच दिसत नाही, काचेतली झाडे दिसतात. संक्रांतीच्या आसपास नायलॉन मांजाने पंख चिरलेले पक्षी येतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये या मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो झाडांत वर्षभर लटकत राहतो.

1. जाड टॉवेल वरून टाका, डोके झाकले जाऊ द्या. अंधारात तो शांत होतो.
2. मागून दोन्ही पंख अंगाशी मिटवून धरा आणि पाय आपल्यापासून दूर ठेवा. इजा चोचीने नाही, पंजाने होते. नख्या हातात रुतल्या तर ओढू नका; त्याचा पाय हळूच सरळ केला की पकड सुटते.
3. सुमारे 40 × 30 × 30 सेंमीचे पुठ्ठ्याचे खोके घ्या, तळाशी टॉवेल, बाजूला पेन्सिलीएवढी दहा-बारा भोके. तारेचा पिंजरा नको. त्यात पंखांची आणि शेपटीची पिसे मोडतात आणि पुढच्या पिसेबदलापर्यंत त्याला नीट उडता येत नाही.
4. पाणी, दूध, भात, काहीही तोंडात घालू नका. पाणी श्वासनलिकेत जाऊन पक्षी मरतो.
5. फक्त आपटला असेल, रक्त नसेल, पंख लोंबत नसेल तर एक-दोन तास अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा. मग दिवसाउजेडी मोकळ्यावर झाकण उघडा आणि मागे सरा. उडाला नाही तर पुन्हा बंद करून मदत मागवा.
6. मांजा गुंतला असेल तर दोन्ही बाजूंनी कात्रीने कापा, जखमेत रुतलेला तुकडा ओढू नका.

वनविभागाची मदतवाहिनी 1926. पशुवैद्याकडे नेतानाही वनविभागाला कळवावे. काचेवर ससाण्याचे एकच चित्र चिकटवून काही होत नाही; काचेच्या बाहेरच्या बाजूने, सगळीकडे, 5 सेंमी अंतराने ठिपके किंवा पट्ट्या लावाव्या लागतात.

पिल्लू जमिनीवर सापडले तर?

अंगावर पिसे आली असतील आणि शेपूट थोडी आखूड असेल तर ते उडायला शिकते आहे. जवळच्या फांदीवर ठेवून द्या, आईबाप खाऊ घालतात. पांढरी लव असेल तर ते घरट्यातून पडले आहे, मदतवाहिनीला कळवा. घरी चिकनचे तुकडे घालून वाढवू नका. नुसत्या मांसात कॅल्शियम अत्यल्प असते, पिल्लाची हाडे वाकतात आणि ते आयुष्यभर उडू शकत नाही. असे पक्षी पुनर्वसन केंद्रांत दरवर्षी येतात आणि त्यांच्यासाठी करण्यासारखे फार थोडे उरते.

कोंबडीची पिल्ले उचलतो. उपाय काय?

पहिले सहा ते आठ आठवडे पिल्ले झाकून ठेवणे, हाच पक्का उपाय. वरून 20 ते 25 मिमी भोकाची जाळी, ताणून बांधलेली. सैल जाळीत शिक्रा आणि इतर पक्षी अडकून मरतात. कुंपणाजवळ जमिनीलगत झुडपांचा आडोसा असेल तर तो तिथूनच येतो, तेवढा पट्टा साफ करावा, आणि अंगणाच्या मधोमध पिल्लांना शिरायला तुराट्यांचा भारा किंवा उलटी पाटी ठेवावी. विष किंवा सापळा लावणे गुन्हा आहे. त्याच शेतात तो उंदीर आणि टोळ खातो, हेही हिशेबात धरा.

उंदरांचे रक्त न गोठू देणारे विष टाकताना विशेष काळजी हवी. विष खाल्लेला उंदीर काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, सहज पकडला जातो, आणि विष शिक्र्याच्या पोटात जाते. शक्य तिथे पिंजरे वापरावेत, मेलेले उंदीर गोळा करून पुरावेत.

गॅलरीत पक्ष्यांना दाणे घालतो, तिथे शिक्रा येऊ लागला. दाणे बंद करावेत का?

आठ-दहा दिवस बंद करा, पक्षी विखुरतात आणि शिक्राही फेरी बदलतो. पुन्हा सुरू करताना दाणे दाट झुडपापासून दोन-तीन मीटरवर ठेवा. फार जवळ ठेवले तर मांजर दबा धरते, फार दूर ठेवले तर चिमण्यांना पळायला आसरा नाही. शिक्र्यामुळे परिसरातल्या चिमण्या संपतील, ही भीती मात्र अनाठायी. शिकाऱ्यांची संख्या सावजाच्या संख्येवर ठरते, आणि चिमण्यांना जास्त चिमटा बसतो तो घरट्याच्या जागा आणि किडे कमी झाल्याने.

शिक्रा पाळता येतो का?

नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे, बाळगणे, विकणे आणि त्याची अंडी-पिल्ले काढणे गुन्हा आहे. पूर्वी भारतात लावे आणि तित्तिर धरण्यासाठी शिक्रे शिकवत असत. लवकर माणसाळत असल्याने नवशिक्यांच्या हाती आधी शिक्राच दिला जाई आणि मुठीतून फेकून सावजावर सोडला जाई. शिकारखान्याच्या भाषेत मादीला शिक्रा आणि नराला चिपक म्हणत.

घरट्याचे फोटो काढावेत का?

अंड्यांच्या काळात जवळ जाऊ नये. मादी उठली की दहा-पंधरा मिनिटांत कावळे अंडी पळवतात, आणि एप्रिलच्या उन्हात उघडी पिल्ले तापून मरतात. मादी ओरडू लागली किंवा डोक्यावरून झेपावू लागली तर अंतर फार कमी झाले आहे. ती शांत होईपर्यंत मागे सरा. फोटोसाठी फांद्या छाटू नका, त्या फांद्याच घरट्याची सावली असतात. ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये.

आवारातले झाड तोडायचे आहे आणि त्यावर घरटे आहे. काय करता येईल?

शहरात झाड तोडायला 1975 च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागतेच. अर्जावर हरकत घेताना घरट्याचे तारीखवार फोटो, मादी बसलेली दिसते ते अंतर आणि झाडाचा क्रमांक जोडा, आणि वनविभागालाही प्रत द्या. झाड धोकादायक नसेल तर तोड जुलैच्या मध्यापर्यंत पुढे ढकलण्याची मागणी करा. तोवर पिल्ले उडून गेलेली असतात. फक्त छाटणी असेल तर घरट्याची बेचकी आणि तिच्यावर सावली धरणारी फांदी सोडून बाकीचे करता येते. मुकादमाला ती फांदी आदल्या दिवशीच रंगाने खूण करून दाखवावी.